नवी आवृत्ती : कोणती आणि कशासाठी?

संगणकाचा प्रोग्राम लिहिणारा त्यातले सगळेच काही स्वतः लिहीत नाही. तारखा मोजणे, चित्र उघडणे, मजकूर सांकेतिक करून पाठवणे ही नेहमीची कामे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेली असतात. अशा तयार संग्रहाला लायब्ररी म्हणतात. ती ओपन सोर्स असली, म्हणजे तिचे मूळ लिखाण सर्वांना खुले असले, तर चालू असलेले कामही कोणालाही घेता येते. इथेच प्रश्न पडतो. आपल्याला हवी असलेली सोय पक्क्या आवृत्तीत अजून आलेली नाही. मग बीटा घ्यावी, की रोज बदलणारी डेव्हलपमेंट आवृत्ती?

पुस्तकाचे उदाहरण घेऊ. छापून दुकानात येते ते पुस्तक म्हणजे पक्की आवृत्ती. त्याआधी मुद्रितशोधकाच्या हाती पडतात ती मुद्रिते म्हणजे बीटा. मजकूर जवळजवळ ठरलेला, चुका शोधायच्या राहिलेल्या. आणि लेखकाच्या टेबलावरचे खाडाखोडीचे हस्तलिखित म्हणजे डेव्हलपमेंट आवृत्ती. सकाळी वाचलेला परिच्छेद संध्याकाळी तिथे असेलच असे नाही.

साहजिकच वाटते, हस्तलिखितापेक्षा मुद्रित बरे. बहुधा ते खरेही असते. पण मुद्रिताची एक अडचण आहे. लेखकाने आज हस्तलिखितात चूक सुधारली, तरी काल आपल्या हाती आलेल्या मुद्रितात ती तशीच राहते.

ओपनएसएसएल या लायब्ररीच्या बाबतीत हे २०१४ साली दिसले. संकेतस्थळ आणि आपला संगणक यांच्यातली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येऊ नये, हे तिचे काम. तिची १.०.१ ही पक्की आवृत्ती मार्च २०१२मध्ये आली होती. १.०.२ची पहिली बीटा २४ फेब्रुवारी २०१४ रोजी निघाली. सहा आठवड्यांनी, ७ एप्रिलला, ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. जोडणी चालू आहे ना, हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला छोटा मजकूर पाठवतो, त्याची लांबी सांगतो आणि तोच मजकूर परत मागतो. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे लायब्ररी तपासतच नव्हती. लांबी फुगवून सांगितली, की एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर परत येई. त्यात लोकांचे पासवर्ड असू शकत, सर्व्हरची गुप्त किल्लीही.

दोष १.०.१च्या पक्क्या मालिकेत होता, तसाच बीटातही होता. फरक पडला तो दुरुस्तीत. पक्की आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी त्याच दिवशी १.०.१-जी निघाली. बीटाची दुरुस्ती दुसऱ्या बीटात येईल, असे सांगण्यात आले, आणि ती आली २२ जुलैला. मधल्या साडेतीन महिन्यांत दुरुस्ती डेव्हलपमेंटच्या लिखाणात होती; पहिली बीटा मात्र होती तशीच. ती वापरणाऱ्यांपुढे तीन मार्ग होते : दोष असलेली सोय बंद ठेवून लायब्ररी पुन्हा तयार करणे, डेव्हलपमेंटचे लिखाण घेणे, किंवा पक्क्या आवृत्तीकडे परतणे.

मग निवड कशी करावी? लोकांचे पैसे, रुग्णांच्या नोंदी, परीक्षेचे गुण जिथे सांभाळायचे आहेत, तिथे पक्कीच आवृत्ती असावी आणि तिच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्यात. बीटा घ्यावी ती तपासण्यासाठी, वेगळ्या संगणकावर. उद्याच्या आवृत्तीवर आपला प्रोग्राम चालेल का, हे आजच कळते. ओपनएसएसएल ३.० सप्टेंबर २०२१मध्ये पक्की झाली, त्याआधी तिच्या १७ अल्फा आणि २ बीटा निघाल्या, त्या अशाच तपासणीसाठी. डेव्हलपमेंट आवृत्ती घ्यावी ती नेमक्या कारणासाठी : आपल्याला नडलेली चूक तिथे सुधारली आहे का हे पाहायला, किंवा दुरुस्तीसाठी पुढच्या बीटापर्यंत थांबता येत नसेल तेव्हा. मात्र कोणत्या दिवशीचे, कोणत्या क्रमांकाचे लिखाण घेतले, ते टिपून ठेवावे. नाहीतर उद्या काही बिघडले, तर मधल्या काळात काय बदलले हे शोधता येत नाही.

आणि बीटा बसवली, की ती विसरून चालत नाही. पुढची निघाली का, हे पाहणारा माणूस ठरलेला हवा. चूक सापडली, तर ती लायब्ररी लिहिणाऱ्यांना कळवावी. मुद्रित आपल्या हाती दिले जाते ते त्यासाठीच.