भजनाची चाल मूळची कोणाची?

(कल्याणकडील शेतकरी बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)



आपल्या ठाणें-कल्याणकडच्या आगरी घरांत लग्न निघालें कीं धवलारीण येते. हळदीपासून लग्न लागेपर्यंत विधीविधीला तिचा धवला. कित्येक घरांत तर तिनें लग्न लावल्यावर भटजीवांचून कांहीं अडत नसे. आतां कांहीं शहाणे म्हणतात कीं ह्या बायकांच्या चाली म्हणजे कीर्तनाचें उष्टें. पंडितांनीं रचलें, अडाण्यांनीं उचललें. हें म्हणणें पुराव्याला टिकत नाहीं.

चालुक्य राजा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ केला. (त्याची राजधानी कल्याणी, ती कर्नाटकांतली, आपलें खाडीकांठचें कल्याण नव्हे. नाहींतर उद्यां कोणी मिरवणूक काढील!) त्यांत तो सांगतो कीं महाराष्ट्रांत बायका कांडतांना ओवी गातात. ज्ञानेश्वरी झाली १२९० सालीं. म्हणजे त्याच्या दीडशें वर्षांवर आधीं ओवी उखळापाशीं होती, आणि तिथें ती पोथींतून उतरली नव्हती. ह्याच ओवींतून पुढें अभंग निघाला, असें छंदांचे अभ्यासक मानतात. धवल्याचेंही तसेंच. तेराव्या शतकांत ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीलेप्रसंगीं महानुभाव महदंबेनें कृष्ण-रुक्मिणीचे 'धवळे' गाइले; ती मराठीची आद्य कवयित्री. लग्नघरचें गाणें तिनें देवापुढें नेलें. एकनाथांनीं तर वासुदेव, जोशी, गोंधळी यांचीं सोंगें भारुडांत उघड घेतलीं. नाथ ब्राह्मण, पण घेतल्याची लाज त्यांना वाटली नाहीं.

तरी आपणही फुशारकी मारूं नये. जुन्या चालींची स्वरलिपि कोणी केली नाहीं. आजचा सूर आठशें वर्षांपूर्वींचा जसाच्या तसा आहे, असें शपथेवर सांगतां येणार नाहीं. शिवाय ज्ञानोबा-तुकोबा जात्यावर परत आलेच. देणेंघेणें दोन्हीकडून झालें. तक्रार इतकीच, कीं वहींत नांव एकाच बाजूचें चढलें.

आतां जातें गेलें, हळदीला डीजे आला. पुण्याकडे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं हजारावर गांवांतून एक लाखावर ओव्या जमविल्या, त्याही गाणारणीचें नांव-गांव लिहून. आपल्या धवलारणी मात्र म्हाताऱ्या होत चालल्या. घरीं लग्न असेल तेव्हां डीजे तासभर थांबवा, तिला पाटावर बसवा, मोबाइलवर धवला सबंध उतरून घ्या. तिचें नांव, गांव, ती कोणापाशीं शिकली, हें खालीं लिहा. आणि तिची बिदागी भटजीच्या दक्षिणेहून कमी देऊं नका.