कीटकाचा जीव आणि कर्त्याचा संकल्प
(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अहिंसेला धर्माचा पाया मानणाऱ्या दोन श्रमण परंपरा या नागपूर नगरीत शेजारी नांदत आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लक्षावधी अनुयायांना दिली. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातील पहिले शील तर प्राणिहत्येपासून विरत होण्याचेच आहे. असे असूनही मुंगी, अळी, पाण्यातील सूक्ष्म जीव यांच्याविषयी बौद्ध शास्त्र नेमके काय सांगते, याची माहिती जैन समाजात फारशी नाही. शेजाऱ्याच्या घरातील दिवा पाहिल्याने आपल्या घरातील उजेड कमी होत नाही, म्हणून हा विषय.

प्रारंभ चातुर्मासापासून करणे उचित ठरेल. विनयपिटकातील महावग्गात अशी कथा आहे की आरंभी बौद्ध भिक्षू पावसाळ्यातही विहार करीत असत. लोक नाराज झाले. इतर पंथांचे साधू वर्षाकाळी एका जागी राहतात, पक्षीसुद्धा घरटे करून थांबतात, आणि हे मात्र हिरवे गवत व लहान लहान जीव तुडवीत हिंडतात, असे ते म्हणू लागले. हे कानी आल्यावर भगवान बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. ते इतर पंथ कोणते, हे ग्रंथ सांगत नाही. जैन श्रोत्याला जे वाटायचे ते वाटेलच.

पाण्याविषयीचे नियमही ओळखीचे वाटतील. पाणी गाळण्याचे वस्त्र, ज्याला पालीत परिस्सावन म्हणतात, हे भिक्षूच्या आठ परिष्कारांपैकी एक मानले जाते. सजीव पाणी जाणूनबुजून वापरणे किंवा ते गवतावर, मातीवर ओतणे हा पाचित्तिय म्हणजे प्रायश्चित्ताला पात्र असा दोष आहे. कोसल देशात प्रवास करणाऱ्या दोन भिक्षूंची कथा चुल्लवग्गात येते. एकाच्या मनात दुसऱ्याविषयी अढी होती. तहानेने व्याकुळ झालेल्या सोबत्याने गाळण मागितले, त्याने दिले नाही, आणि सोबती तहानेने मरण पावला. त्यानंतर नियम झाला की वाटेत मागितलेले गाळण नाकारू नये आणि गाळणाशिवाय प्रवासास निघू नये. ते नसेल तर चीवराच्या पदराने पाणी गाळावे. पाण्यातील जीव वाचावा आणि माणूसही तहानेने मरू नये, या दोन्ही गोष्टी त्या नियमात एकत्र आल्या आहेत. जैन घरांतील गाळणे आणि जिवाणी मूळ जलाशयात परत सोडण्याची रीत यांहून सूक्ष्म आहे हे खरे, परंतु जात एकच.

मतभेद सुरू होतो तो संकल्पाच्या प्रश्नावर. बौद्ध अट्ठकथांनी हत्येची पाच अंगे सांगितली आहेत: जीव असणे, तो जीव आहे हे जाणणे, मारण्याचा हेतू, प्रयत्न आणि मृत्यू. यांतील एकही अंग नसेल तर हत्येचा दोष पूर्ण होत नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिलीच कथा चक्खुपाल या अंध स्थविराची आहे. पाऊस पडून गेल्यावर ते जेतवनात चंक्रमण करीत असता त्यांच्या पायाखाली पुष्कळ इंद्रगोप चिरडले गेले. इंद्रगोप म्हणजे विदर्भात पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावर दिसणारे मखमली लाल मृगाचे किडे. इतर भिक्षूंनी तक्रार केली. स्थविरांना ते दिसत नव्हते, त्यांचा मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून त्यांना दोष नाही, असा निर्णय बुद्धांनी दिला.

जैन आगमांनी या भूमिकेचा समाचार घेतला आहे. सूत्रकृतांगात आर्द्रककुमाराच्या संवादात, भोपळा समजून बालकाला मारले तर पाप नाही काय, अशा आशयाची बोचरी चर्चा येते. उलट मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात नालंद्याचा निर्ग्रंथ गृहस्थ उपाली बुद्धांशी वाद घालण्यास जातो. चालताना नकळत मरणाऱ्या जीवांविषयी निर्ग्रंथ मत काय, असे बुद्ध विचारतात, तेव्हा हेतू नसेल तर मोठा दोष नाही असे उत्तर त्याला द्यावे लागते. तो ग्रंथ बौद्धांचा, त्यामुळे अखेरीस उपाली बुद्धांचा उपासक होतो हे ओघाने आलेच! तथापि उपालीचे ते उत्तर जैन शास्त्राला सोडून नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्राणघाताबरोबर प्रमाद घातला आहे, आणि ईर्यासमिती पाळून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली सूक्ष्म जीव आला तरी त्याला बंध नाही, असे आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात म्हटले आहे. फरक असा की बौद्ध विचार मुख्यतः ‘मारायचे होते काय?’ हे विचारतो. जैन विचार त्यापुढे जाऊन ‘जयणा पाळली होती काय?’ असेही विचारतो. बेसावधपणा हाच दोष मानणारी दृष्टी अधिक कठीण आहे आणि ती अधिक खरीही आहे.

डॉ. आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी भेद केला, अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, अशी मांडणी त्यात आहे. जैन अहिंसेला तेथे दुसऱ्या टोकाला ठेवले आहे. हे वाचून राग मानण्याचे कारण नाही; मात्र श्रावकाची अहिंसा महाव्रताची नसून अणुव्रताची आहे, हे तेथे विचारात घेतलेले दिसत नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी हिंसेची चार रूपे सांगून श्रावकाला पूर्ण त्याग सांगितला आहे तो संकल्पी हिंसेचा. इच्छा आणि गरज यांचा भेद तो हाच नव्हे काय?

आता एका अडचणीच्या विषयाकडे वळले पाहिजे, तो म्हणजे रेशीम. विनयपिटकात कथा आहे की आळवी येथे काही भिक्षू रेशीमकाम करणाऱ्यांकडे गेले आणि आपल्या आसनात रेशीम मिसळायचे आहे, तेव्हा पुष्कळ कोसे उकळून थोडे रेशीम द्या, असे म्हणाले. ते कारागीर वैतागले. आम्ही बायकामुलांच्या पोटासाठी इतके लहान जीव मारतो हेच आमचे दुर्दैव, आणि हे श्रमणही तेच करायला सांगतात, असा त्यांचा आक्षेप होता. असे आसन करवून घेणे तेव्हापासून दोषास्पद ठरले. गंमत अशी की दान मिळालेले कोसेय्य म्हणजे रेशमी चीवर मात्र निषिद्ध नव्हते. कृत, कारित आणि अनुमोदित अशी तीन दारे बंद करणाऱ्या जैन शास्त्राला ही सवलत पटणार नाही.

परंतु न पटून उपयोग काय? भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुन वृक्षांवर वाढणाऱ्या टसरला आजही कोसा म्हणतात. कोशातून पतंग बाहेर पडला तर शेकडो मीटरचा अखंड धागा तुटतो, म्हणून आतील जीव उष्णता देऊन आधीच मारला जातो. नांगराखाली किडा मरतो तसे हे नव्हे. येथे मारणे हीच कृतीची पहिली पायरी आहे, तेव्हा तिला उद्योगी हिंसेत बसविणे कठीण आहे. आणि तेच वस्त्र शुद्ध म्हणून पूजेला नेसले जाते. पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशाचे सूत कातून हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी अहिंसा रेशीम तयार केले. ते महाग पडते आणि त्याला ती झळाळी नसते, एवढीच तक्रार.

सुती वस्त्र सर्वस्वी निर्दोष आहे, असेही कोणी समजू नये. बोंडअळीवर फवारणी होते आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात त्या फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचेही बळी गेले. पण कापूस अळी मारल्यावाचून पिकू शकतो, रेशमाचा अखंड धागा कोशातील जीव मारल्यावाचून निघत नाही. ट्रस्टच्या मंदिरांत पूजेसाठी ठेवलेली वस्त्रे येत्या चातुर्मासापासून सुती असावीत काय, याचा विचार विश्वस्त मंडळाने सुवर्ण महोत्सवी वर्षातच करावा, अशी नम्र विनंती आहे. धोतरजोड्या आणि उपरणी विदर्भाच्या कापसाची, हातमागावरची सहज मिळू शकतात.