शुभ आधी, लाभ नंतर

(तरुण उद्योजकांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपले व्यापारी नव्या चोपडीवर दोन शब्द लिहितात: 'शुभ' आणि 'लाभ'. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. 'लाभ' आधी लिहून 'शुभ' मागून घ्यावे, असे कोणत्याही दुकानदाराला सुचलेले नाही. प्रश्न एवढाच आहे, की पहिल्या पानावर पाळलेला हा क्रम पुढच्या पानांवर किती दिवस टिकतो?

गेली अनेक वर्षे पत्रकार म्हणून लहानमोठ्या उद्योजकांशी माझे बोलणे होत असते. मूल्यांचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येते: "आधी धंदा पायावर उभा राहू दे. मग समाज, संस्कार, राष्ट्र सगळ्यांचे पाहू." हे म्हणणारी माणसे वाईट नसतात. पुष्कळदा ती आपल्याच परिवारातील, गुरुदक्षिणेला न चुकता येणारी असतात. पण मूल्ये हे सुबत्तेचे फळ आहे, ते पिकल्यावर तोडायचे, अशी त्यांची समजूत असते. आज मला या समजुतीची तपासणी करायची आहे. त्यासाठी महाराष्ट्राच्या उद्योगक्षेत्रातील एका आद्य पुरुषाचे स्मरण करतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंगांधत्वामुळे तो मार्ग बंद झाला. मग ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे त्यांच्या हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. पारतंत्र्यात असे प्रसंग नवे नव्हते आणि पोटासाठी ते गिळणारेही पुष्कळ होते. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात येऊन सायकलीच्या व्यवसायात लक्ष घातले. गाठीशी भांडवल नव्हते, तेव्हा स्वाभिमानापायी चालती नोकरी सोडणारा हा माणूस होता.

त्यानंतर कडबा कापण्याची यंत्रे आली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. आज आपल्याला त्याचे अप्रूप वाटत नाही. पण त्या काळी लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर जवळजवळ दोन वर्षे पडून राहिले. अशा वेळी माल काढून टाकून दुसरा झटपट धंदा धरणे हेच व्यवहारी शहाणपण ठरले असते. पण देशातील शेतकऱ्याच्या हाती चांगले अवजार पडले पाहिजे, ही त्यांची निष्ठा होती. गिऱ्हाईक अडाणी आहे म्हणून हात झटकण्याऐवजी त्यांनी त्याचा विश्वास मिळेपर्यंत धीर धरला. स्वदेशीचा खरा अर्थ येथे आहे. देशी वस्तू वापरा, असे ग्राहकाला सांगणे सोपे असते. ग्राहकाने निःशंक मनाने वापरावी अशी वस्तू बनवणे, ही उद्योजकाच्या वाट्याची स्वदेशी होय.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करावयास सांगितले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्या वेळी मदतीला धावले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. १९१० साली त्या निवडुंगाने व्यापलेल्या, सापांनी भरलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

माझ्या विषयाचा गाभा येथे आहे. डोक्यावर कर्ज, भोवती रान, घरच्यांचा जीव टांगणीला. आणि या अवस्थेत लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणीसाठी कोणाला नेमले? ज्यांच्यावर दरोडेखोरीचा शिक्का बसला होता, जे शिक्षा भोगून आले होते, अशा माणसांना. समाजाने दूर लोटलेल्या माणसावर विश्वास टाकला तर तो माणूस म्हणून उभा राहतो, ही त्यांची धारणा होती आणि ती त्यांनी आपल्या मालमत्तेवर पणाला लावली. त्याच वसाहतीत त्यांनी अस्पृश्यतेला थारा दिला नाही. बाळासाहेब देवरसांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेविरुद्ध जी निःसंदिग्ध भूमिका मांडली, तिच्या कितीतरी आधी एका कारखानदाराने ती आपल्या वाडीत आचरणात आणली होती. त्या काळात याची सामाजिक किंमत मोजावी लागत असे.

येथे आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. लक्ष्मणराव कर्मकांडात रमणारे नव्हते. त्यांची वृत्ती बुद्धिनिष्ठ होती. आपल्यापैकी अनेकांच्या कारखान्यात वर्षातून एकदा सत्यनारायणाची पूजा होते, दसऱ्याला यंत्रांना झेंडूची माळ चढते. हे अवश्य व्हावे. परंतु ज्या यंत्राची पूजा केली, ते चालवणाऱ्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला नसेल, तर ती पूजा कोणाला पोहोचली? आपल्या परंपरेने अर्थाला पुरुषार्थ मानले, पण त्याला धर्माच्या चौकटीत बसवले. ती चौकट देव्हाऱ्यापुरती नसते. हजेरीपटावर आणि खातेवहीतही ती दिसावी लागते.

आता आपल्या रोजच्या व्यवहाराकडे येतो. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, फार तर ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले आहे. करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. तरीही देयके थकतच राहिली. म्हणून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी मिळू नये, अशी तरतूद २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात करावी लागली आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ती लागू झाली. मित्रहो, याचा अर्थ काय? दुसऱ्याच्या घामाचे पैसे वेळेवर द्या, हे सांगण्यासाठी सरकारला दंडुका उचलावा लागला. मोठी कंपनी आपले पैसे थकवते तेव्हा आपण अन्यायाची भाषा बोलतो. तोच न्याय आपण आपल्या सुताराला, वाहतूकदाराला, डबे पुरवणाऱ्या भगिनीला लावतो काय?

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपली मूल्ये माहितीपत्रकावर छापण्याआधी खर्चाच्या रकान्यात शोधा. गेल्या वर्षभरात कोणत्या तत्त्वासाठी किती रुपये सोडले, कोणती मागणी नाकारली, कोणते सदोष उत्पादन परत घेतले, हे घरच्यांसमवेत बसून लिहा. रकाना कोरा निघाला, तर आपल्याजवळ मूल्ये नाहीत, केवळ सुभाषिते आहेत, असे समजावे. आणि सवड मिळेल तेव्हा भरू, असे म्हणून तो कोरा ठेवू नये. टंचाईत ज्याला सवय लागली नाही, त्याला सुबत्तेत ती सहसा लागत नाही.

लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले. त्यांच्या हयातीतच, १९४८ च्या जाळपोळीत, किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची मोठी हानी झाली होती. तरीही तो पुन्हा उभा राहिला आणि त्या एकेकाळच्या निर्जन माळावर आजही पंप तयार होतात. भिंती आणि यंत्रे जळू शकतात. माणसांवर टाकलेला विश्वास मात्र राखेतूनही कामाला येतो. त्या विश्वासाची बेगमी आपण आपल्या उद्योगाच्या पहिल्या दिवसापासून करावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.