माया असावी, पण लांबून

आजचा विषय तसा लांबचा आहे. अमेरिकेत यलोस्टोन नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले लांडगे, तिथली अस्वलं आणि त्यांना बघायला जमणारी माणसांची गर्दी, याबद्दल आम्ही बोलणार आहोत. घरातला मुलगा तिकडे नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा मे महिन्याच्या शेवटी त्यानं आम्हाला चार दिवस तिथं नेलं.

आपल्या माण तालुक्यात लांडगा म्हणजे मेंढरांचा वैरी. रात्री वाड्यावर कुत्री भुंकायला लागली की धनगराची झोप उडते. त्यामुळे लांडगा बघायला माणसं पैसे खर्चून, पहाटे उठून, थंडीत कुडकुडत उभी राहतात हे कळलं, तेव्हा आम्हाला हसूच आलं. पण चार दिवसांत जे बघितलं आणि नंतर मुलाकडून, तिथल्या रेंजरांकडून जे समजून घेतलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आधी जागेची ओळख करून घेऊ. यलोस्टोनची स्थापना १ मार्च १८७२ रोजी झाली. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याला ओळखतात. आकार जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान. तिथं वर्षाला ४० लाखांहून जास्त माणसं येतात. आपल्याकडे ताडोबात ठरलेल्या जिप्सीत बसून, गाईड घेऊन फिरावं लागतं. तिथं तसं नाही. आपली गाडी आपण चालवायची, रस्त्याकडेला ठरवून दिलेल्या जागेत लावायची, उतरायचं. ना कुंपण, ना जाळी. बहुतेक माणसं रस्ता सोडून फार आत जात नाहीत. त्यामुळे गर्दी सगळी रस्त्यावर, आणि जनावर आलं की त्याच रस्त्याच्या कडेला.

लांडग्यांसाठी माणसं जातात ती उत्तरेकडच्या लामार खोऱ्यात. मोठं थोरलं माळरान, मधून वाहणारी नदी, चहूबाजूंनी डोंगर. बायसन म्हणजे तिकडचे रानगवे म्हणा, त्यांचे कळप चरत असतात. आम्ही पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं, आणि रस्त्याकडेच्या एका जागेत वीसेक गाड्या आधीच लागलेल्या. माणसं तिकाटण्यावर मोठ्या दुर्बिणी लावून उभी. पण आवाज नाही! आपल्या जत्रेच्या निम्मी गर्दी असेल, पण बोलणं सगळं कुजबुजत. आमच्याकडे साधी दुर्बीण होती, तिच्यातून काही दिसेना. शेजारच्या एका आजीबाईंनी ते बघितलं आणि हातानं खुणावून आम्हाला आपल्या दुर्बिणीपाशी बोलावलं. ना ओळख, ना पाळख. आम्ही आळीपाळीनं डोळा लावला. एक-दीड किलोमीटर लांब, नदीपलीकडच्या उतारावर एक काळा आणि दोन करडे लांडगे चालले होते. काळा मध्येच थांबला, मागं वळून बघितलं आणि झुडपांत दिसेनासा झाला. सगळं मिळून दोन मिनिटं. आजीबाई म्हणाल्या, त्या दरवर्षी येतात, आणि कुठली मादी कुणाची लेक हे त्यांना तोंडपाठ आहे. आपण गावातल्या सोयरिकी सांगतो ना, तशा त्या लांडग्यांच्या सांगत होत्या.

हे लांडगे तिथं होतेच असं नाही बरं का. एकेकाळी त्याच उद्यानात सरकारी माणसांनीच ते मारून संपवले. १९१४ ते १९२६ या काळात किमान १३६ लांडगे मारले गेले. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं तिथं लांडग्यांचा कळप नव्हता. मग एल्क नावाची मोठी हरणं माजली, कोवळी झाडं खाऊ लागली. शेवटी १२ जानेवारी १९९५ रोजी कॅनडातून आणलेले पहिले लांडगे उद्यानात आले. त्या वर्षी १४ आणि १९९६ मध्ये १७, असे एकूण ३१. काही आठवडे त्यांना कुंपणात ठेवलं, मग दार उघडलं. आज उद्यानात शंभराच्या आसपास लांडगे आहेत.

आता अस्वलांकडे वळू. तिथं दोन जातींची अस्वलं आहेत, काळं अस्वल आणि त्याहून मोठं ग्रिझली. अस्वल रस्त्याजवळ आलं की पुढची गाडी थांबते, मागची थांबते, आणि बघता बघता अर्धा किलोमीटर रांग लागते. याला तिथं नावच आहे, ‘बेअर जॅम’. आम्ही अशा दोन जॅममध्ये होतो. एकदा काळ्या अस्वलाची मादी दोन पिल्लं घेऊन झाडाखाली गवत खात होती. माणसं उतरली, मोबाइल वर झाले. तेवढ्यात एक तरुण रेंजर बाई आली आणि नम्रपणे, पण कडक आवाजात सगळ्यांना मागे सारू लागली. “गाड्यांजवळ उभे राहा. तिची रस्ता ओलांडायची वाट मोकळी ठेवा.” तिनं एक साधी युक्ती दाखवली. हात सरळ पुढं करायचा, एक डोळा मिटायचा आणि अंगठा जनावरावर धरायचा. अख्खं जनावर अंगठ्याआड गेलं तर आपण पुरेसे लांब. नाही गेलं तर मागे व्हायचं.

नियम स्पष्ट आहे. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर लांब राहायचं. आपल्याकडच्या विजेच्या तीन खांबांइतकं अंतर धरा. बायसन, एल्क यांच्यापासून २३ मीटर. तुम्हाला वाटेल, गवत खाणाऱ्या बायसनचं काय भ्यायचं? पण यलोस्टोनमध्ये माणसांना सगळ्यांत जास्त जखमी केलंय ते बायसननंच. नियम मोडला तर शिक्षा होते. मे २०२१ मध्ये एक बाई पिल्लांसोबत असलेल्या ग्रिझली मादीचे फोटो काढत जवळच थांबून राहिली. बाकीचे मागे सरले, ही हलली नाही. अस्वल अंगावर धावून आलं, पण परत फिरलं. त्या बाईला कोर्टानं चार दिवसांची कैद, दंड आणि वर्षभर उद्यानात बंदी अशी शिक्षा दिली.

एवढी कडक शिस्त का? कारण तिथल्या लोकांनी आधी उलटं करून बघितलंय. पूर्वी हॉटेलांचं खरकटं उकिरड्यावर टाकायचे आणि संध्याकाळी अस्वलं ते खायला आली की पाहुण्यांना लाकडी बाकांवर बसवून तो खेळ दाखवायचे. रस्त्यावर गाड्यांच्या खिडकीशी अस्वलं भीक मागायची, माणसं त्यांना पाव-बिस्किटं भरवायची. फोटो झकास यायचे. पण १९३१ ते १९६९ या काळात दरवर्षी सरासरी ४८ माणसं अस्वलांकडून जखमी झाली, आणि धीट झालेली किती तरी अस्वलं मारावी लागली. १९७० पर्यंत उकिरडे बंद केले, खायला घालणं थांबवलं. आज सरासरी वर्षाला एखादाच माणूस जखमी होतो. तिथं एक म्हण रूढ आहे, अन्नाला सटकलेलं अस्वल म्हणजे मेलेलं अस्वल. आपण दिलेल्या घासानंच त्याचा घात होतो.

मैत्रिणींनो, आता दोन आयांच्या गोष्टी सांगतो. पहिली ग्रिझलीची. यलोस्टोनच्या दक्षिणेला ग्रँड टीटन उद्यान आहे. तिथं एक मादी होती, तिचा नंबर ३९९. तिनं पिल्लं वाढवली ती रस्त्याच्या कडेला, माणसांच्या डोळ्यांदेखत. जाणकार सांगतात की नर अस्वलं पिल्लांना मारतात, आणि नर माणसांच्या गर्दीपासून लांब राहतात. म्हणून या आईनं गर्दीचाच आडोसा केला असावा. २०२० मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, ती चार पिल्लं घेऊन गुहेतून बाहेर आली. तिला बघायला एवढी माणसं येत की गर्दी आवरायला २००७ पासून तिथं स्वयंसेवकांचं पथकच उभं केलंय. ते पथक अस्वलाला नाही, माणसांना वळवतं. तिथं ती सुखरूप राहिली. २२ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मात्र उद्यानाबाहेरच्या हमरस्त्यावर ती गाडीखाली आली आणि गेली. २८ वर्षांची होती.

दुसरी गोष्ट लांडगीची. लामार खोऱ्यातली एक मादी, २००६ मध्ये जन्मलेली, म्हणून लोक तिला ‘ओ-सिक्स’ म्हणायचे. आपल्या कळपाची ती म्होरकी. शिकारीत तरबेज, पिल्लांची सांभाळकर्ती. रस्त्यावरून हजारो माणसांनी तिला बघितलं. माणसं दिसली की पळायचं नाही, एवढं ती आणि तिची पिल्लं शिकली होती, कारण उद्यानातली माणसं नुसती बघायची. पण उद्यानाची हद्द कागदावर असते, लांडग्याला ती कळत नाही. हद्दीबाहेर शिकारीला कायद्यानं परवानगी आहे. डिसेंबर २०१२ मध्ये हद्दीबाहेर गेलेल्या ओ-सिक्सला शिकाऱ्यानं गोळी घातली. सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, तिची लेकही तशीच हद्दीबाहेर मारली गेली. २०२१-२२ च्या एका हिवाळ्यात तर यलोस्टोनचे २५ लांडगे बाहेर मारले गेले.

हे ऐकून आम्ही दोघी गप्प झालो. ज्यांनी तिच्यावर जीव लावला, त्यांच्याच गर्दीत ती माणसाला भ्यायचं विसरली. मग गर्दी वाईटच का? तसंही नाही. २००५ च्या पाहणीचा अंदाज होता की खास लांडग्यांसाठी येणारी माणसं त्या भागात वर्षाला सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्च करतात. त्यावर लॉजवाल्यांचं, गाईडचं, चहा-नाश्ता देणाऱ्यांचं घर चालतं. लांडगा जिवंत राहण्यात ज्यांचा फायदा आहे अशी माणसं त्यामुळे तयार झाली. ओ-सिक्स मेली तेव्हा तिच्यासाठी रडणारे आणि जाब विचारणारे होते, ते याच गर्दीमुळे. पूर्वी शेकड्यांनी लांडगे मेले, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

आणि एक बाजू पशुपालकांची. उद्यानाच्या बाहेर गुरं-मेंढरं पाळणारी माणसं आहेत. लांडग्यानं वासरू नेलं तर नुकसान त्यांचं होतं, बघणाऱ्यांचं नाही. ही गोष्ट आम्हाला कुणी समजावून सांगावी लागली नाही, ती आमच्या घरातलीच आहे. तिथं भरपाईच्या योजना आहेत. आपल्याकडेही लांडग्यानं शेळी-मेंढी मारली तर वनखात्याकडून भरपाई मिळते. ज्याचं जनावर गेलं त्यानं लगेच वनरक्षकाला कळवावं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नये. भरपाई वेळेवर मिळाली तर विष घालायला हात धजत नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं ऐकून आम्ही काय करू? तर आपल्या विदर्भाकडे बघा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्हीकडून घेरलं. तिला पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. तो व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आई पोरं घेऊन निघाली आहे आणि चहूबाजूंनी माणसांनी वाट अडवली आहे, हे बाईमाणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच. जंगलात जा, पोरांना घेऊन जा, डोळे भरून बघा. पण जाताना चार गोष्टी गाठीला बांधा. जनावरानं आपल्याकडे बघून चरणं थांबवलं, चाल बदलली, तर आपण जास्त जवळ गेलोय असं समजा आणि मागे व्हा. आई आणि पिल्लं यांच्या मध्ये कधी जाऊ नका. वाटेत खाण्याचा तुकडा टाकू नका, माकडालासुद्धा. आणि ड्रायव्हरला ‘अजून जवळ घे’ म्हणू नका. आपण जास्तीची बक्षिसी दिली नाही, तर तोही गाडी पुढं घालणार नाही. मागच्या गाडीतल्यांनाही बघू द्या. आपली दुर्बीण शेजारणीला द्या. अंगठ्याची युक्ती पोरांना आजच शिकवा, दारातल्या गाईवर करून दाखवा.

पाहुण्यांच्या घरी गेल्यावर आपण उंबऱ्याशी थांबतो, हाक मारतो, या म्हटल्याशिवाय आत जात नाही. रानात तर ‘या’ म्हणणारं कुणी नाही. तिथं उंबऱ्याशीच थांबायचं.