आकड्यांचा स्वर आणि कानाची साक्ष

जबलपूर जिल्ह्यात सिहोऱ्याजवळ मझौली नावाचे गाव आहे. तेथील विष्णुवराहाच्या मंदिराचे दर्शन घ्यावयास बाहेरगावची माणसे येतात. परंतु गाणे ऐकण्याची उंची यंत्रे पारखून घ्यावयाची असतील, तर मझौलीच्या माणसालाच बाहेरगावी जावे लागते. सागर-जबलपूरच्या पट्ट्यात अठराव्या शतकापासून मराठी घरे नांदत आली आहेत. अशा घरातील एखाद्या निवृत्त गानप्रेमी गृहस्थाची कल्पना करावी. संगणकात साठविलेले गाणे घरी उत्तम रीतीने ऐकता यावे, एवढीच त्याची हौस. त्यासाठी लागणारे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे शौकिनांच्या बोलीतला 'डॅक', दहा-पंधरा हजार रुपयांतही मिळतो आणि कित्येक लाखांनाही. दोन्ही शेजारी ठेवून ऐकण्याची सोय नाही. परीक्षणे वाचावीत, तर एकाला जो स्वर मखमली वाटतो तोच दुसऱ्याला कोरडा. प्रश्न केवळ हौसेचा नाही. आयुष्यभराच्या शिलकीतला मोठा वाटा कोठे घालावयाचा, याचा तो प्रश्न आहे.

हे यंत्र करते तरी काय? ध्वनीची लहर दर सेकंदाला हजारो वेळा मोजून तिचे आकडे केलेले असतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते, आणि प्रत्येक मापासाठी ६५,५३६ पायऱ्या असतात. त्या आकड्यांवरून पुन्हा विजेची अखंड लहर उभी करणे, हे डॅकचे काम. पुष्कळांची समजूत अशी की, दोन मापांच्या मधला स्वर हरवतो आणि महाग यंत्र तो अदमासाने भरून काढते. ही समजूत चुकीची आहे. ज्या मर्यादेपर्यंतची कंपने नोंदावयाची, तिच्या दुपटीहून अधिक वेळा मापे घेतली, तर त्या मर्यादेतील मूळ लहर मापांतून पूर्णपणे परत मिळते, हे रशियाच्या कोटेलनिकोव्ह ह्यांनी १९३३ मध्ये आणि अमेरिकेच्या क्लॉड शॅनन ह्यांनी १९४९ मध्ये गणिताने मांडून ठेवले आहे.

यंत्रे मात्र दोन घराण्यांची. एका घराण्यात विद्युत्-रोधकांची शिडी असते. आकड्यातील प्रत्येक अंक आपापल्या रोधकातून आपला वाटा देतो. सोळा अंकांची अशी शिडी अचूक करावयाची, तर रोधकांत पासष्ट हजारांत एक इतका सूक्ष्म मेळ हवा. चोवीस अंकांची म्हटली, तर हा मेळ एक कोटी सदुसष्ट लाखांत एक इतका होतो, आणि तो रोधकांतून साधणे अशक्यप्राय. दुसऱ्या घराण्यात मोजक्याच पायऱ्या अतिशय वेगाने चालू-बंद करतात आणि त्यातून होणारा गोंगाट कानाच्या कक्षेबाहेर ढकलतात. आजचे बहुतेक स्वस्त डॅक ह्या दुसऱ्या घराण्यातले. त्यांच्यासाठी लागणाऱ्या चकत्या मोजके कारखानेच करतात. २०२० च्या ऑक्टोबरात जपानमधील नोबेओका येथे असाही कासेई कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा जगभरच्या डॅक-निर्मात्यांना आपली यंत्रे नव्याने आखावी लागली. इंग्लंडमधील डीसीएस किंवा कॉर्ड ह्यांच्यासारख्या थोड्या कंपन्या तयार चकतीवर न विसंबता परिवर्तनाची स्वतःची रचना करतात, आणि किमतीचा बराचसा भाग त्या कारागिरीचा असतो. कारागिरीला मोल आहेच. परंतु मोल कारागिरीचे आहे की ऐकू येणाऱ्या स्वराचे, हे वेगळे ठेवून पाहिले पाहिजे.

कान आणि यंत्र ह्यांचा हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी बावीस श्रुतींची मापे काढली आणि १९१० साली त्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्या कामी त्यांच्या साहाय्यास होता. पुढे १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतिपेटीचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा पेटीचा स्वर गायकाच्या स्वराशी जुळतो की नाही, यावर विद्वानांत मतभेद झाले. त्या वादातली एक गोष्ट आजही उपयोगी आहे: ऐकणाऱ्याने 'मला वाटते' म्हणून भागत नाही; दोन स्वर समोरासमोर ठेवून, परीक्षा घेऊन, मग बोलावे लागते.

डॅकच्या बाबतीत ही परीक्षा कशी घ्यावी? पहिली अट पातळीची. बहुतेक डॅक साध्या जोडणीतून सुमारे दोन व्होल्ट देतात, तर संतुलित जोडणीतून पुष्कळदा चार. म्हणजे सहा डेसिबेलांचा फरक. इतका फरक मोठा म्हणून ओळखता येतो. परंतु अर्ध्या डेसिबेलाचा फरक आवाज मोठा झाला असे सांगत नाही, तो स्वर अधिक भरदार झाला असे सांगतो. खरी फसगत येथे होते. म्हणून १०० हर्ट्झचा स्थिर स्वर वाजवून, साध्या मीटरने दोन्ही यंत्रांचे व्होल्टेज मोजावे आणि एक दशांश डेसिबेलाच्या आत जुळवावे. दोन व्होल्टांवर हा फरक सुमारे २३ मिलिव्होल्टांचा होतो. दुसरी अट अज्ञानाची. कोणते यंत्र वाजत आहे, हे ऐकणाऱ्यास कळता कामा नये; घरातील कोणी पडद्याआड नाणे उडवून बदल करावा. सोळा वेळा ऐकून बारा वेळा बरोबर ओळखले, तर ते केवळ नशिबाने होण्याचा संभव शंभरात चाराहून कमी असतो. आठ-नऊ वेळाच जमले, तर तो कौल नाण्यानेही दिला असता.

मोठ्या प्रमाणावरही अशा परीक्षा झाल्या आहेत. मेयर आणि मोरन ह्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अतिसूक्ष्म मुद्रणाच्या वाटेत कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाचे परिवर्तन मध्येच घातले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. उलट बाजूही सांगितली पाहिजे. जोशुआ रीस ह्यांनी २०१६ मध्ये अठरा प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ आले, आणि शिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते अधिक होते. म्हणजे फरक मुळीच नाही असे नव्हे. तो इतका सूक्ष्म आहे की, परीक्षणात वर्णिलेला चमत्कार त्यातून निघत नाही.

काही फरक मात्र खरोखर ऐकू येतात, आणि गंमत अशी की ते पुष्कळदा महाग यंत्रांत मुद्दाम ठेवलेले असतात. ज्या डॅकमध्ये मापांची संख्या वाढविणारी गाळणी नसते, त्यात २० हजार हर्ट्झवर तीन डेसिबेलांहून अधिक आणि १० हजारांवर पाऊण डेसिबेल घट येते. तबल्याच्या चाटेवरची धार थोडी बोथट होते. कोणास ते सौम्य वाटेल. काच-नळ्यांचे डॅक स्वरात स्वतःची थोडी विकृती मिसळतात, आणि तीही कानाला गोड लागते. परंतु तानपुऱ्याची जवारी तानपुऱ्यातच असावी. मधल्या वाटेने प्रत्येक वाद्याला जवारी लावावी, हे काही पटण्यासारखे नाही.

मझौलीच्या श्रोत्यापुढे याहून व्यावहारिक अडचण उभी राहू शकते, ती विजेची. संगणक, डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर निरनिराळ्या ठिकाणी भूमीशी जोडले गेले, की तारांतून पन्नास हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा गुणगुणाट शिरतो. हा दोष संगीतदृष्ट्याही त्रासदायक आहे. काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा, गुणगुणाटातला १५० हर्ट्झचा अंश त्या सप्तकात कोमल आणि शुद्ध रिषभांच्या मधोमध येऊन पडतो. तोडीच्या रिषभाशेजारी असा पाहुणा बसला, तर लाखाचा डॅकही त्याला उठवू शकत नाही. संगणकाचा चार्जर काढताच गुणगुणाट थांबला, तर रोग तारेत आहे असे समजावे. प्रकाशवाहिनीने जोडणी केल्यास तो बहुधा काही शे रुपयांत बरा होतो. ज्याला हेडफोनवर ऐकावयाचे आहे, त्याने यंत्राची शक्ती त्या हेडफोनला पुरते ना, एवढे पाहावे. उरलेले पैसे स्पीकरवर आणि खोलीतल्या जाड सतरंजी-पडद्यांवर घातले, तर तो फरक नाणे न उडवताही कळेल.

आता प्रश्न जुन्या गाण्याचा. लाखेच्या तबकडीत सर्वांत मोठ्या आवाजाचे आणि तिच्या खरखरीचे अंतर फार तर चाळीस डेसिबेल. साधा डॅक त्याच्या दुपटीहून अधिक अंतर सहज सांभाळतो. डॅकमधील घड्याळाची चूक दहा लाखांत पन्नास धरली, तरी स्वर एका प्रमाणश्रुतीच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतकाच सरकतो. परंतु मुळात ८० फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी संगणकात भरताना ७८ फेऱ्यांनी फिरविली, तर स्वर दोन प्रमाणश्रुतींनी उतरतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचे एखादे गाणे आपल्या संग्रहात कोणत्या पट्टीत आले आहे, हे तानपुरा हाती घेऊन आधी तपासावे. ते तपासण्यास डॅक कोणताही चालतो.