जागाही हवी, मोकळीकही



मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रमानंतर हमखास कुणीतरी जवळ येऊन म्हणतं, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ बोलणाऱ्याच्या मनात वावगं काही नसतं. घरात आम्ही दखनी बोलत असलो, तरी शाळा, बाजार आणि एसटी स्टँड यांनी मला मराठीच दिली. तिच्याबद्दल शाबासकी मिळाली की थोडं परकं वाटतं. कौतुक पाहुण्याचं होतं. घरच्याला आपण काम सांगतो.

जुन्या गावगाड्यात प्रत्येकाला काम होतं. मुलाणी हा बलुतेदार. मोहरममध्ये अनेक गावांत ताबुतांना हिंदूही खांदा देत, आजही देतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले आणि ‘योगसंग्राम’ लिहून मराठी संतपरंपरेत मानाने बसले. या वारशाचा मला अभिमान आहे. पण गावगाड्याचं नुसतं गुणगान पुरेसं नाही. तिथे जागा होती, मोकळीक नव्हती. काम जन्मानं ठरे, आणि गावकुसाबाहेरच्यांना तर पाणवठ्यावरही मज्जाव होता.

राज्यघटनेनं मोकळीक दिली. पंचविसाव्या कलमानं सदसद्विवेकबुद्धीचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलं. तरीही शहरात भाड्यानं घर बघायला गेलो, आणि नाव सांगताच ‘खोली कालच गेली’ असं ऐकलं. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. मोकळीक आहे, पण जागा नाही! २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही. त्या खोलीच्या दारात मला त्याचा अर्थ कळला.

सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडी गावात गणेशोत्सवात मशिदीमध्ये गणपती बसतो. गावानं आपसांत ठरवून ही प्रथा चालवली आहे, म्हणून ती मोठी. मात्र एखाद्या गावचा मुसलमान आरतीला उभा राहिला नाही, किंवा हिंदू शेजाऱ्यानं ईदच्या दिवशी फक्त शीरखुर्मा घेतला, तरी त्यांचं गावपण कमी होता कामा नये. दुसऱ्याच्या देवापुढे हात जोडणं ही आपुलकीची परीक्षा ठरली, की श्रद्धाही खोटी होते आणि आपुलकीही.

हीच मोजपट्टी मी माझ्या समाजालाही लावतो. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम महिला तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर चालत गेल्या. तेव्हा त्यांना आपल्याच लोकांचे टोमणे खावे लागले. एका दमातला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला तो २०१७ मध्ये, म्हणजे ५१ वर्षांनी! प्रश्न विचारणारी बाई, नमाज न पढणारा तरुण, वेगळ्या पंथाचा माणूस यांना मोहल्ल्यात जागा नसेल, तर बाहेरच्यांकडे जागा मागण्याचा आपला हक्क लंगडा पडतो.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. ईदेच्या किंवा दिवाळीच्या फराळाला बोलावणं चांगलंच. पण वाचनालयाची कार्यकारिणी, सोसायटीची पाणी समिती, शाळेची पालक सभा यांतही सगळ्यांची नावं येऊ द्या. बैठक शुक्रवारी दुपारी ठेवू नका. स्नेहभोजनाला काय चालेल, काय नाही, ते आधी विचारा. हिशेबाची वही माझ्या हाती द्या, आणि चुकलो तर मलाही इतरांसारखंच बोला. माझ्या धर्माबद्दल खुलासा मात्र रोज मागू नका.

टाकीत पाणी कमी आलं, तर ते सगळ्याच मजल्यांना कमी येतं. त्यासाठी भांडायला आपण एकत्र बसलो, तर एकमेकांची श्रद्धा समजून घ्यायला पुढे पुष्कळ संध्याकाळी आहेत.