अन्नातील खडा आणि ग्राहकाची तक्रार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



धान्य निवडणे, पाखडणे, पीठ चाळणे आणि पाणी गाळून घेणे ही कामे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. बीडच्या मोंढ्यातून ज्वारी आली की माउली सूप घेऊन बसत असे. खडा निघाला तर तो बाजूला काढला जाई आणि किडलेले धान्य अधिक असेल तर पोते त्याच दुकानी परत जाई. दुकानदार ओळखीचा, ग्राहकही ओळखीचा. तक्रार तोंडी होई आणि तिचे निवारणही तोंडीच होई.

आज तालुक्याच्या गावीदेखील सुपर शॉपी आल्या आहेत. माल बंद पाकिटात येतो. सूप आणि चाळणी यांचे काम आता शेकडो मैल दूरच्या कारखान्यात होते, आणि ते झाले की नाही हे पाकीट फोडल्यावरच कळते. अशा पाकिटात काच, तार, केस वा अळी निघाली तर ग्राहकाने काय करावे आणि विक्रेत्याने काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. या सभागृहात ग्राहक आहेत तसे किराणा आणि आडत व्यवसायातील मंडळीही मोठ्या संख्येने आहेत. म्हणून दोन्ही बाजूंचा विचार होणे उचित ठरेल.

या विषयातील जगप्रसिद्ध खटला स्कॉटलंडमधील आहे. २६ ऑगस्ट १९२८ रोजी पेस्ली या गावातील एका उपाहारगृहात मे डोनोह्यू या सामान्य महिलेसाठी तिच्या मैत्रिणीने आल्याच्या पेयाची बाटली मागविली. बाटलीची काच गडद, आतले काही दिसत नव्हते. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असे तिचे म्हणणे होते. ती आजारी पडली. पण बाटली तिने विकत घेतलेली नव्हती. पैसे मैत्रिणीने दिले होते. मग उत्पादकाकडे दाद मागण्याचा अधिकार तिला कोठून येणार? २६ मे १९३२ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला की, मधल्या कोणालाही तपासता येणार नाही अशा रीतीने जो उत्पादक आपला माल बंद करून पाठवितो, त्याच्यावर अंतिम उपभोक्त्याप्रती काळजी घेण्याचे कर्तव्य असते. पुढे प्रकरण तडजोडीने मिटल्यामुळे बाटलीत गोगलगाय खरोखर होती काय, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. तत्त्व मात्र कायमचे प्रस्थापित झाले.

आपल्या देशात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबर १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्यापूर्वीच महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीच्या चळवळीने या विचाराची मशागत केली होती. बिंदुमाधव जोशी यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. पैसे देणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही या कायद्यानुसार ग्राहकच असते. म्हणजे बापाने आणलेला बिस्किटाचा पुडा मुलाने खाल्ला तरी मुलाचा हक्क अबाधित राहतो.

अन्नासंबंधीचा १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू झाला. त्यात एक सूक्ष्म भेद आहे. कच्च्या मालातून, वेष्टनातून वा यंत्रातून आलेला, पण अन्नाला असुरक्षित न करणारा पदार्थ म्हणजे बाह्य पदार्थ. त्यासाठी कलम ५४ अन्वये एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अळ्या, किडे पडलेले अन्न मात्र असुरक्षित अन्नाच्या व्याख्येतच येते आणि तेथे प्रश्न कारावासापर्यंत जातो. शाकाहारी कुटुंबाला तर पाकिटातील अळीने होणारा क्लेश केवळ अस्वच्छतेचा नसतो, हे या सभेत वेगळे सांगावयास नको.

कायदा असला तरी तक्रार टिकते ती पुराव्यावर. जून २०२४ मध्ये मुंबईतील मालाड येथे ऑनलाइन मागविलेल्या आईस्क्रीममध्ये मानवी बोटाचा तुकडा आढळला. ग्राहक स्वतः डॉक्टर होते. त्यांनी तो तुकडा बर्फात जपून ठेवला आणि पोलिसांकडे तक्रार दिली. माग काढता काढता तपास पुणे जिल्ह्यातील इंदापूरच्या कारखान्यापर्यंत पोहोचला. तेथे एका कर्मचाऱ्याच्या बोटाला यंत्रावर इजा झालेली होती, आणि डीएनए चाचणीत तुकडा त्याचाच असल्याचे निष्पन्न झाले. तो तुकडा घृणेने फेकून दिला असता तर उरले असते केवळ एका माणसाचे सांगणे.

यातून ग्राहकासाठी काही पथ्ये निघतात. पदार्थ खाणे तत्काळ थांबवावे. सापडलेली वस्तू धुऊ नये, पुसू नये. उरलेल्या अन्नासह त्याच पाकिटात बंद करून थंड जागी ठेवावी. बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि चौदा अंकी परवाना क्रमांक दिसेल असे छायाचित्र घ्यावे. बिल जपावे; १ जानेवारी २०२२ पासून अन्नपदार्थांच्या बिलावर विक्रेत्याचा परवाना वा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक झाले आहे. इजा झाली असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. त्यानंतर दुकानाला आणि उत्पादकाला लेखी कळवून पोच घ्यावी.

येथे एक मोह आडवा येतो. दुकानातील मुलगा नम्रपणे म्हणतो, “काका, पाकीट बदलून देतो.” ग्राहकही वाद नको म्हणून नवे पाकीट घेऊन घरी येतो. त्याचे चाळीस रुपये भरून निघतात. पण पुरावा दुकानात राहतो आणि त्याच बॅचची उरलेली पाकिटे फळीवरच राहतात. ती कोणाच्या घरी जातील, कोणते लहान मूल ती फोडील, हे कोणालाच ठाऊक नसते. पाकीट बदलून घेतल्याने व्यवहार मिटतो, धोका मिटत नाही. तक्रार करणे हे भांडखोरपणाचे लक्षण मानण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः ती शेजारधर्माची कृती आहे.

दुकानदाराने दाद न दिल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. कलम ४० नुसार सामान्य खरेदीदारालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कळवावा लागतो. माल दोषी ठरला तर शुल्क परत मिळते. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तसेच तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येत असल्याने कंपनी मुंबईची असली तरी आष्टी वा धारूरच्या ग्राहकाला बीडलाच दाद मागता येते.

आता व्यापारी बंधूंविषयी. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. दोष दुकानांतील अयोग्य साठवणुकीचा, असे कंपनीचे म्हणणे. तर वेष्टन हवाबंद का नव्हते, हा प्रशासनाचा प्रश्न. अखेर जानेवारी २००४ मध्ये कंपनीने वेष्टनच बदलले. या घटनेतील बोध दुहेरी आहे. कारखान्याला आपली जबाबदारी टाळता आली नाही हे खरे. पण बोट प्रथम दुकानाकडे दाखविले गेले हेही तितकेच खरे. बीडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली खोकी रचून ठेवणाऱ्याने याचा विचार अवश्य करावा.

प्रामाणिक दुकानदाराला कायद्याचेही संरक्षण आहे. कलम २६ नुसार पुरवठादाराचे बिल हीच मालाच्या गुणवत्तेची हमी मानली जाते. म्हणून प्रत्येक खरेदीचे पक्के बिल घ्यावे आणि जपावे. बिलाविना घेतलेला स्वस्त माल अडचणीच्या दिवशी फार महाग पडतो. तक्रार आली की ग्राहकावर संशय न घेता ती लिहून घ्यावी, त्या बॅचचा माल विक्रीतून काढून बाजूला ठेवावा आणि वितरकाला त्याच दिवशी लेखी कळवावे. क्वचित एखादी तक्रार खोटी निघेल. तिचा निवाडा प्रयोगशाळा करील. खोट्या तक्रारीच्या भीतीने खऱ्या तक्रारीला दार लावणे हे व्यापाराला शोभणारे नाही.

सज्जनहो, पूर्वी दुकानदाराच्या तोंडाकडे पाहून माल परत करता येत असे. आता काउंटरवरचा माणूस महिन्यागणिक बदलतो. म्हणून ओळखीच्या जागी कागद आला आहे. ग्राहकाने बिल आणि पाकीट जपावे, व्यापाऱ्याने पुरवठादाराचे बिल आणि साठा जपावा. घरातील सूप फळीवर गेले असले तरी निवडण्याची जबाबदारी संपलेली नाही. ती आता दोघांनी मिळून उचलावयाची आहे.